खोलीची शांतता

लिफ्टमध्ये ती बाई सहज बोलून गेली आणि सातवा मजला येईपर्यंत त्याला दुसरं काही सुचेना. चौथ्या मजल्यावरच्या विम्याच्या ऑफिसातली होती ती. रोज दिसायची, पण कानात सदैव इअरफोन, त्यामुळे ओळख मान हलवण्यापलीकडे कधी गेली नव्हती. आज तिची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर पडली आणि तिने एका कानातलं काढून विचारलं, तुम्ही त्या बोलत्या पुस्तकांच्या स्टुडिओत का. तो हो म्हणाला. मग तिची कळीच खुलली. येता-जाता ती तेच ऐकत असे म्हणे, आणि त्यातही एकाच बाईंचा आवाज, दुसरं कुणी वाचत असलं तर पुस्तक सोडून द्यायची. कोण त्या बाई हे सांगायची गरज नव्हती. त्याची थोरली बहीण, ताईच. "कमाल आहे हो त्यांची," ती म्हणाली. "श्वासच घेत नाहीत त्या. ऐकता ऐकता मीच श्वास धरून बसते. काल बसमधून उतरले तेव्हा गरगरलं मला." हसली, दार उघडलं, गेली. लिफ्ट पुन्हा वर निघाली आणि त्याच्या लक्षात आलं की आपणही मघापासून श्वास सोडलेला नाही.

खरं तर त्याने खूश व्हायला हवं होतं. ही ताईची तारीफ नव्हतीच, त्याची होती, आणि त्याच्या वाट्याला तारीफ येते कुठे. त्याचा धंदाच असला की काम दिसलं तर बिघडलं. ताई वाचायची, तो कापायचा. पडद्यावर आवाज आडवा पसरलेला असतो. शब्द जाड, भरलेले, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारीक, केसाळ फुगवटा. तो श्वास. तो उचलून फेकायचा. नवीन माणूस नुसतं कापतो आणि मोकळी जागा तशीच ठेवतो, मग ऐकणाऱ्याचा कान त्या जागेत धाडकन पडतो. पूर्ण शांतता कानाला खपत नाही, तिथे काहीतरी मेलंय असं वाटतं. म्हणून आधी सगळ्यांना गप्प बसवून, पंखा बंद करून, रिकाम्या खोलीचंच रेकॉर्डिंग करून ठेवायचं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, भिंतींचा, गालिच्याचा, कुठल्या तरी तारेच्या गुणगुणीचा. त्याला स्टुडिओत खोलीची शांतता म्हणत. श्वास काढला की त्याच मापाची खोलीची शांतता तिथे चिकटवायची. सांधा कळता कामा नये. त्याचा कधी कळला नाही. ताईच्या आवाजाबद्दल लोक जे म्हणत, की कशी अखंड धार लागते, कशी देवाघरची देणगी, ते ऐकताना त्याला मनातल्या मनात हसू यायचं. धारेला किती ठिगळं आहेत ते एकट्या त्यालाच ठाऊक.

इतकी वर्षं बहिणीचे श्वास फेकून द्यायचे म्हणजे ते आधी ऐकावे लागतात. ताईने लग्न केलं नाही, म्हणजे नवराही नाही, आणि असता तरी त्याला तिचे श्वास एवढे पाठ झाले नसते. प्रश्न वाचायच्या आधी ती नाकाने एक छोटा, तुटक श्वास घ्यायची. गोष्टीतलं माणूस मरायला टेकलं की खोल, जरासा खुशीतला, कारण मरणं वाचायला तिला फार आवडायची. लेखकाचं वाक्य पटलं नाही की श्वासाच्या शेपटीला जिभेचा एक टिचका असे. ही सगळी ताई त्याने उचलून कचऱ्यात टाकली होती, आणि उरलेल्या ताईवर लोक जीव टाकत होते. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही. कपडे शिवणारा चिंध्या जपून थोडाच ठेवतो.

पण गेल्या काही महिन्यांत श्वास बदलला होता. आधी त्याला वाटलं, ताई माईकच्या जवळ सरकतेय. मग वाटलं, सर्दी. मग एके दिवशी वाक्याच्या ऐन मध्यात, विशेषण आणि नामाच्या बेचक्यात, जिथे शुद्धीवर असलेलं माणूस श्वास घेत नाही तिथे एक श्वास सापडला. त्याने कापला. दोन दिवसांनी तसेच आणखी सापडले, आणि त्यांच्या टोकाला एक बारीक खरखर, दार नीट बसलं नाही की वारा येतो तशी. तीही कापली. आता तर पानोपानी होतं. सोपं काम राहिलं नव्हतं ते. वाक्य मधूनच उसवायचं, दोन्ही कडा जुळवायच्या, एखाद्या शब्दाचं शेपूट मागच्या आठवड्यातल्या शब्दावरून आणून लावायचं. पण त्याचा हात बसलेला. इतका की स्टुडिओचा मालक परवा काचेतून डोकावून म्हणाला, ताई हल्ली पूर्वीपेक्षा तरुण वाटतात. मालकाला सगळे पाठीमागे पटकन म्हणत, कारण त्याच्या दर वाक्यात तो शब्द असे. पटकनने एक जाडजूड कादंबरीमालिका घेतली होती. तीन वर्षांचं काम, एकच आवाज. उद्या करारावर ताईची सही व्हायची होती. ताई या कामाची वाट बघत होती असं म्हणणं कमीच. असलं एखादं काम येईल म्हणून तिने आयुष्यभर घसा जपला होता, थंड पाणी सोडलं होतं, भांडणंसुद्धा हळू आवाजात केली होती. आणि पटकनच्या खिशात आणखी एक आवाज तयार होता, कोवळा, स्वस्त, हेही त्याने दोनदा बोलून दाखवलं होतं.

म्हणजे त्याला फक्त गप्प बसायचं होतं. किंवा फक्त बोलायचं होतं. दोन्हींतलं काहीही केलं तरी ताईचं काहीतरी जाणार होतं, आणि हे माहीत असलेला जगात तो एकटाच. बायकोला त्याने एकदा जेवताना सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "तू तिचा भाऊ आहेस की इस्त्रीवाला? सुरकुती दिसली की फिरव इस्त्री." ती अशी एका वाक्यात माणसाला उभा चिरते. तो म्हणाला, तिला खोकला नाही, ताप नाही, वजन आहे तेवढंच आहे, मी काय सांगू डॉक्टरला, की पडद्यावर फुगवटा मोठा दिसतो? बायको म्हणाली, डॉक्टरला नाही, तिला सांग. मग त्याने फोन केला. हवेबद्दल बोलला, स्टुडिओतल्या गळक्या नळाबद्दल बोलला, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, दम वगैरे लागतो का गं हल्ली. वय झालं, बारक्या, आता जिने चढवत नाहीत, असं ती म्हणाली, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. बारक्या हे नाव त्याच्या आताच्या पोटाला शोभत नव्हतं, पण ताईपुढे पोटाचा काही उपयोग नसायचा.  त्याला भीती वाटत होती हे खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. आत आणखी एक घाणेरडी गोष्ट होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ताईचा आवाज त्याच्या खांद्यावर उभा होता. त्याने खांदा काढला तर तो पडला असता. हे त्याला आवडत होतं.

सातव्या मजल्यावर आल्याआल्या त्याने संगणक चालू केला आणि लिफ्टमधल्या बाईला डोक्यातून हाकलून देऊन कालचा भाग काढला. सध्याचं पुस्तक शब्दांवरचं होतं. कुणा निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तसे त्यांनी शब्दांचे बाप-आजे जमवले होते. कालचं प्रकरण स्फूर्तीवर होतं. ताईचा आवाज सांगत होता की स्फूर्ती म्हणजे मुळात थरथर. पापणी आपली आपण लवते, दंडाची एखादी नस तुम्हाला न विचारता उडते, तेवढंच. कवी वगैरे त्यात फार नंतर आले. प्रेरणा म्हणजे हलवणं, पुढे लोटणं, म्हणजे तिला मागे कुणाचा तरी हात लागतो. आणि दूरच्या एका जुन्या भाषेत याच अर्थाचा शब्द फुंकण्यावरून निघाला आहे. तिथल्या लोकांना वाटे, माणूस गातो किंवा बोलतो ते स्वतःच्या दमावर नव्हे, कुणीतरी बाहेरून आत फुंकतं. तो ऐकत होता आणि बोटं सवयीने काम करत होती. त्याला मास्तरांची गंमत वाटली. तीन शब्द आणि तिन्ही गोष्टी अंगाच्या. थरथर, धक्का, वारा. मुलाखती घेणारे ताईला नेहमी विचारत, तुमची प्रेरणा कोण, आणि ताई मान किंचित कलती करून सांगे, माझे वडील. ते वाक्य म्हणायच्या आधीही ती एक श्वास घ्यायची, जरा जास्तच सुंदर. मुलाखतींतून त्याने तोही कापला होता.

'कुणीतरी' आणि 'बाहेरून' या दोन शब्दांच्या मध्ये तो आला. श्वास. चांगला लांबलचक, शेवटी खरखरणारा. पडद्यावर त्याने त्याच्या दोन्ही बाजूंना रेघा मारल्या आणि बोट बटणावर ठेवलं. दाबायचं तेवढं राहिलं. मी श्वास धरून बसते, ती बाई म्हणाली होती, आणि हसली होती, जणू ही त्यांच्यातली गमतीची गोष्ट. बसमध्ये, रस्त्यात, स्वयंपाक करताना अशी किती माणसं असतील, ताईचं वाक्य संपायची वाट बघत छाती गच्च धरून बसलेली, आणि वाक्य संपलं की लगेच पुढचं, कारण मधली फट त्याने बुजवून टाकलेली. त्याला एकदम घरातलं जेवणाचं टेबल आठवलं. टेबलाच्या वरचं नव्हे, खालचं. बाबांची नजर अधू झाल्यावर ताई त्यांना संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची आणि तो टेबलाखाली बसून ऐकायचा, कारण खालून बोलणी जास्त खरी वाटायची. ताईला घाई असे. तिच्या मैत्रिणी खाली थांबलेल्या असत. ती अग्रलेख एका दमात उरकू बघायची आणि बाबा टेबलावर बोट वाजवायचे. "थांब. श्वास घे," ते म्हणायचे. "तू घेतलास की मलाही घेता येतो." मग ताई थांबायची आणि टेबलाखालून त्याला दिसायचं, बाबांचं पोट शर्टाच्या गुंड्यांसकट वर यायचं आणि खाली जायचं. ती वाचायला शिकली ती तिथे. लोक जिला देवाघरची देणगी म्हणतात ती त्या पोटावर बेतलेली होती. आणि बाबांनी जे तिच्याकडून हट्टाने घेतलं तेच तो इतकी वर्षं उचलून फेकत आला होता, पगार घेऊन.

त्याने बोट उचललं. उठला, खिडकीशी गेला, परत आला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि वारा त्या पुन्हापुन्हा फुगवत होता. तो पुन्हा बसला. फुंकण्याची ती गोष्ट डोक्यातून जाईना. त्यांच्या घरात फुंकण्याचा एक जुना किस्सा होता आणि तो पाहुण्यांसमोर हटकून निघायचा. लहानपणी तो श्वास धरणारं पोर होता. मनासारखं झालं नाही की रडायला लागायचा, आणि रडता रडता आवाज अडकायचा, तोंड उघडं, श्वास बंद, ओठ निळे. आई पाण्याचं भांडं घेऊन सैरावैरा धावायची. शेजारीण म्हणायची उलटा धरा. आणि नऊ-दहा वर्षांची ताई दप्तर टाकून यायची, दोन्ही हातांनी त्याचं तोंड पकडायची आणि समोरून चेहऱ्यावर जोरात फुंकर मारायची. बस. पोर दचकायचं, भप्पकन श्वास आत घ्यायचं आणि मग भोकाड. घरात म्हणत, आईने जन्म दिला पण जीव ताईने फुंकला. ताईने हे वाक्य पुढे चाळीस वर्षं वसूल केलं. पाणी आण, दिवा घालव, माझ्या चपला कुठे आहेत, आणि तो कुरकुरला की, अरे तुला श्वास मी दिलाय. त्याला ते खरंच आठवत होतं की ऐकून ऐकून आठवणीसारखं झालं होतं कोण जाणे. पण फुंकरीला पेन्सिल चावल्याचा वास यायचा, आणि तो वास त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

ताई बाराच्या सुमारास आली. आल्यावर दारातच खुर्चीवर बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. पर्समध्ये काही शोधायचं नव्हतं हे त्याला कळलं. ती दम परत यायची वाट बघत होती. पण तिची कांती उजळलेली होती, केस नीट बसवलेले, गळ्याभोवती रुमाल, उद्याच्या सहीची रंगीत तालीम. पटकन येऊन, पटकन चहा मागवू का, पटकन एक फोटो घेऊ का, असं करून गेला. ताई हसून त्याच्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून तिने जे सांगितलं ते त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. म्हणाली, तुझा तो फोन मनाला लागला रे, तू दम लागतो का विचारलंस तो. मी मुद्दाम डॉक्टरची वेळ घेतली होती मागच्या आठवड्यात. निघालेसुद्धा होते. पण वाटेत आपला तेव्हाचा ताजा भाग ऐकला. "एकदा तरी अडखळले का मी? सांग. एक श्वास वाकडा नाही. मग अर्ध्या रस्त्यातून परत आले. जिन्यात लागतो दम, लागू दे. माईकसमोर बसले की सगळं जातं माझं. खरी तब्येत तिथे कळते."

 त्याने चहाचा कप तिच्यापुढून आपल्यापुढे सरकवला आणि परत तिच्यापुढे सरकवला. आतापर्यंत त्याला वाटत होतं की तो पटकनला फसवतोय, ऐकणाऱ्यांना फसवतोय, फार तर स्वतःला. ताईला आतून सगळं ठाऊक असणार असं त्याने धरून ठेवलं होतं. पण ताई स्वतःचं कच्चं रेकॉर्डिंग कधी ऐकायचीच नाही, हा तिचाच नियम होता. वाचताना कानात काही लावायची नाही, स्वतःचा आवाज ऐकू आला की मी नाटक करायला लागते म्हणायची. कच्चं ऐकवू नकोस, शिजलेलं वाढ. आणि तो तेच वाढत आला होता. ज्या आवाजाच्या भरवशावर ती डॉक्टरच्या वाटेवरून परत फिरली तो तिचा नव्हताच, निम्मा त्याने शिवलेला होता.  ताई उठून काचेपलीकडच्या खोलीत गेली, चष्मा चढवला, पान काढलं आणि अंगठा वर करून खूण केली.

कालच्या प्रकरणाची उरलेली पानं होती. तिने सुरुवात केली आणि पहिली दोन वाक्यं खरोखरच सुरेख गेली, इतकी की त्याला वाटलं आपला सगळा भास. तिसरं वाक्य लांब होतं. मास्तरांना लांब वाक्यांचा सोस. निम्म्यावर ती थांबली, कागदाकडे बघत राहिली, पुन्हा घेऊ म्हणाली. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने वाक्य पुरं केलं पण शेवटचा शब्द नुसता हवेचा होता, त्यात आवाज नव्हता. काचेतून तिने त्याच्याकडे बघितलं. ही नजर त्याला पाठ होती. ती विचारत होती, जमेल ना तुला. आणि त्याचं बोट सवयीने बटणाकडे गेलंही, छान झालं, मी जोडतो, असं सांगायला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते तोंडातून आपलं आपण येई, लवणाऱ्या पापणीसारखं. या वेळी त्याने ते येऊ दिलं नाही. त्याने बटण दाबून तिला एवढंच सांगितलं की जरा बाहेर ये.

त्याने तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. या खुर्चीत ती कधी बसलेली नव्हती. ती खुर्चीसकट अर्धवट फिरली, पडद्याकडे बघून म्हणाली, अगंबाई, इथून मी अशी दिसते का, सुरवंटासारखी. तो हसला नाही. त्याने कालचा भाग लावला. न कापलेला. ताईचा आवाज खोलीत भरला, स्फूर्ती म्हणजे मुळात थरथर, आणि ताई डोळे मिटून, मान कलती करून ऐकायला लागली, तशी ती नेहमी ऐकायची. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने डोळे उघडले. मागे काहीतरी वाजतंय म्हणाली, पंखा चालू राहिला होता का. तो नाही म्हणाला. माईक बिघडलाय मग, पटकनला सांग, उद्यापासून एवढं मोठं काम आणि माईक असला. तो पुन्हा नाही म्हणाला. ताई पुढे वाकली. पडद्यावर रेघ सरकत होती, शब्द, फुगवटा, शब्द, शब्दाच्या पोटात फुगवटा.

"अरे, माझ्याबरोबर कोण बसलंय आत?" ताईने विचारलं. "कुणीतरी आहे तिथे. दमलेलं आहे कुणीतरी. मी वाचतेय आणि ते माझ्या मागे बसून..." तिने वाक्य सोडून दिलं.

त्याला पळून जावंसं वाटलं. शाळेत असताना खोटं पकडलं जायच्या आधी जी क्षणभर जागा मिळते तेवढी जागा होती आणि तो तिच्यातून बाहेर पडू शकला असता. माईकच आहे म्हणाला असता तरी तिने ऐकलं असतं. ती ऐकायला बसलीच होती. "तू एकटीच होतीस, ताई," तो म्हणाला.

 ताई परत लाव म्हणाली. त्याने मागे नेऊन परत लावलं. या वेळी ताईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि श्वास धरला. काय करतेय ते त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती बघत होती, आपण थांबलो की तो आवाज थांबतो का. तो कसा थांबेल. तो कालचा होता. ताई श्वास धरून ताठ बसली होती आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून ते दमलेलं माणूस आपलं ओढतच होतं, कुणीतरी, खरखर, बाहेरून, खरखर, आत फुंकतं. ताईने सोडला नाही. तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. डोळ्यांत पाणी आलं, ओठांचा रंग बदलायला लागला आणि तरी तिने सोडला नाही, हट्टाने, जणू ती जिंकली तर ते दुसरं माणूस हरणार होतं. असा हट्ट त्या घरात एकच जण करायचा, आणि तो म्हणजे ताई नव्हे. त्याला फार भीती वाटली. ताई, सोड, तो म्हणाला, पण ती ऐकत नव्हती, किंवा फक्त ऐकतच होती. मग त्याने खाली वाकून तिचं तोंड दोन्ही हातांनी पकडलं, त्याचे हात केवढे मोठे झाले होते आणि तिचे गाल केवढे लहान, आणि समोरून तिच्या चेहऱ्यावर जोरात फुंकर मारली.

ताई दचकली आणि तिने श्वास आत घेतला. खोलीभर ऐकू गेला तो. लांब, मध्ये अडकलेला, शेवटी खरखरणारा. पाठोपाठ स्पीकरमधूनही तसाच एक आला. दोन्ही एकामागोमाग एक, एकाच माणसाचे. मधे सांधा नव्हता. त्याने हात पुढे करून स्पीकर बंद केला आणि खोलीत एकच उरला.

"मीच आहे," ताई म्हणाली.

मग तिने विचारलं, कधीपासून. त्याने सांगितलं. आणि तू कापत होतास, ती म्हणाली, आणि तो हो म्हणाला. आता ती मारेल, रडेल, हळू आवाजात भांडेल असं त्याला वाटत होतं आणि यातलं काहीही चाललं असतं.  तिने ओले गाल रुमालाने पुसले, रुमालाची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. त्याला त्या घड्यांतच शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. पटकनने दार लोटून डोकं आत घातलं आणि उद्या सकाळी पटकन सही उरकून घेऊ का असं विचारलं. ताई म्हणाली उद्या नाही. परवा का, तो म्हणाला. ते अजून मला माहीत नाही, ताई म्हणाली, आणि या वाक्याच्या मध्ये तिने एक श्वास घेतला, सगळ्यांदेखत, 'अजून' आणि 'मला' यांच्या बेचक्यात. पटकन तिच्याकडे बघायला लागला. काहीतरी त्याच्याही लक्षात यायला लागलं होतं. त्याने दार हळूच, मुळीच पटकन नाही, ओढून घेतलं. ते तीन वर्षांचं काम त्या दारातून बाहेर गेलं हे दोघांनाही कळलं. ताई उठली. पर्स घेतली. कालचा भाग आहे तसा राहू दे, कापू नकोस, एवढं म्हणाली. डॉक्टरचा नंबर तिच्याकडे होता, वेळ मात्र नव्याने मागावी लागणार होती. तो फोन लावत लावत तिच्या मागून निघाला.

लिफ्ट भरलेली नव्हती. दोघं आत शिरले, ताई मागच्या कठड्याला टेकली. फोन वाजत होता, पलीकडून कुणी उचलत नव्हतं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि विम्याच्या ऑफिसातली ती बाई डबा घेऊन आत आली. त्याला बघून तिने ओळखीने मान हलवली. ताईकडेही बघितलं, पण अनोळखी माणसाकडे बघतात तसं, कानांत इअरफोन तसेच. त्यातून बारीक, शेंगेत दाणे खुळखुळावेत असा आवाज बाहेर येत होता. शब्द कळत नव्हते पण त्याला तो कुठेही ओळखता आला असता. मधे एकही फट नव्हती. ताईनेही तो ओळखला असावा, तिने मान कलती केली. लिफ्ट निघाली. त्या बाईने पुन्हा वळून ताईकडे बघितलं, दोन्ही कानांतले इअरफोन काढले आणि ते हातात धरून जरा पुढे झाली.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं. "धाप लागलीय तुम्हाला."

त्याने फोन कानावरून खाली घेतला. इतकं सोपं होतं ते.

"हो," ताई म्हणाली. "बरेच दिवस झाले."